चिवितावेक्किया बंदर ते फ्युमिचिनो विमानतळ: सोबत व्हीलचेअर आणि वॉकर असताना

क्रूझच्या तिकिटावर 'रोम' लिहिलेलं असलं तरी बोट रोमला लागत नाही. ती लागते चिवितावेक्कियाला, रोमपासून साधारण 80 किलोमीटरवर. तिथून फ्युमिचिनो विमानतळ सत्तरेक किलोमीटर. हातीपायी धड असलेल्या माणसाला हा तासाभराचा रस्ता आहे. आमच्यासोबत आई (वय 78) आणि काका (वय 71) होते. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. वॉकरने पन्नासेक पावलं चालते, पण उंच पायरी चढू शकत नाही. काकांना पक्षाघात होऊन गेलेला, डावी बाजू कमजोर. आधार दिला तर उभे राहून वळून बसू शकतात, एरवी बॅटरीवर चालणारी घडीची खुर्ची. बाकी आम्ही चौघं. दिवाळीच्या सुट्टीतली सात रात्रींची क्रूझ 26 ऑक्टोबर 2025 ला, रविवारी सकाळी चिवितावेक्कियाला संपली आणि त्याच दुपारी तीनच्या सुमाराला आखाती देशात विमान बदलून मुंबईला यायचं, त्यातलं पहिलं विमान होतं.

या प्रवासात माणूस पाच वेळा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो: बोटीवरून टर्मिनलमध्ये, टर्मिनलमधून गाडीत, गाडीतून विमानतळाच्या दारात, दारातून विमानात, आणि मधल्या थांब्यावर एका विमानातून दुसऱ्यात. घोटाळे होतात ते याच जागी. बोटीवाल्यांनी विमान कंपनीला काही कळवलेलं नसतं, ड्रायव्हरने विमानतळाला काही कळवलेलं नसतं. प्रत्येकाची मदत एका ठरावीक दारापाशी संपते, आणि पुढचा माणूस दहा पावलांवर उभा असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक सांधा आपणच वेगळा ठरवायचा आणि स्वतःची खुर्ची सोबत ठेवायची. बोटीची व्हीलचेअर बोटीची असते, ती टर्मिनलबाहेर येत नाही. आईला एरवी खुर्ची लागत नाही, तरी तिच्यासाठी मुंबईहून दहा-अकरा किलोची साधी घडीची चेअर नेली होती. त्या दिवशी तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

तयारी ऑगस्टमध्येच सुरू केली. पहिलं काम विमान कंपनीकडे नोंद करण्याचं. नुसतं 'व्हीलचेअर हवी' म्हणून भागत नाही, तिकिटावर तीन कोडपैकी एक पडावा लागतो. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे माणूस पायऱ्या चढू शकतो, फक्त लांब चालवत नाही. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे पायऱ्या चढता येत नाहीत, पण विमानात आपल्या जागेपर्यंत चालता येतं. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे जागेपर्यंतही न्यावं लागतं. एजंट बहुतेक वेळा पहिला कोड टाकून मोकळे होतात. मग विमान गेटला न लागता लांब उभं राहिलं की बसने नेतात आणि समोर शिडी येते. दुसरा किंवा तिसरा कोड असेल तर वर उचलणारी गाडी मागवणं त्यांना भाग पडतं. आईला दुसरा घेतला, काकांना तिसरा.

नोंद झाल्यावर विमान कंपनीच्या साइटवर आपलं बुकिंग उघडून दोन्ही टप्पे तपासा. आमच्या एजंटने रोमपासूनच्या पहिल्या विमानाला कोड टाकले होते, मुंबईकडे येणाऱ्या दुसऱ्या विमानाला काहीच नव्हतं. एका फोनवर दुरुस्त झालं, पण हे तिकडे मधल्या थांब्यावर कळलं असतं तर तास-दीड तास गेला असता. युरोपातल्या विमानतळावरून निघताना ही मदत फुकट मिळणं हा हक्क आहे. युरोपीय संघाचा 2006 चा 1107 क्रमांकाचा नियम तसं सांगतो आणि विमान कंपनी बिगर-युरोपीय असली तरी निघताना तो लागू होतो. अट एवढीच की किमान 48 तास आधी कळवायचं. माणशी दोन साधनंही फुकट जातात, म्हणजे खुर्ची आणि वॉकर सामानाच्या वजनात धरत नाहीत.

बॅटरीच्या खुर्चीला मात्र वेगळी परवानगी लागते आणि इथे पुष्कळ जण अडकतात. लिथियम बॅटरी खुर्चीतून काढता येत असेल तर ती काढून केबिनमध्ये न्यायची. मर्यादा अशी: एकच बॅटरी असेल तर 300 वॉट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी 160 पर्यंत. हिशेब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. काकांची बॅटरी 24 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर, म्हणजे 240. एकच असल्याने चालली. तशाच दोन बॅटऱ्या असलेली खुर्ची मात्र अडते, कारण दोन म्हटल्यावर प्रत्येकी 160 ची मर्यादा लागते. नवी खुर्ची घेणार असाल तर हे दुकानातच बघा. बॅटरीवर वॉट-अवरचा आकडा छापलेला असावा. नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकाचं ते पान छापून ठेवा, कारण काउंटरवरचा कर्मचारी आपल्या गुणाकारावर विश्वास ठेवत नाही. विमान कंपनीने ईमेलवर खुर्चीचं वजन, घडी केल्यावरची लांबी-रुंदी-उंची आणि बॅटरीचा फोटो मागितला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते परवानगीचं पत्र छापून पासपोर्टसोबत ठेवलं.

आता गाडी. पर्याय चार होते.

आगगाडीचा पहिल्यांदा बाद केला. बंदरातून फुकट शटल बस लार्गो देल्ला पाचे या चौकात सोडते. तिथून दुसऱ्या बसने किंवा चालत चिवितावेक्किया स्टेशन. तिथून एफएल-5 गाडीने रोमच्या त्रास्तेवेरे किंवा ओस्तियेन्से स्टेशनात आणि तिथे एफएल-1 मध्ये बदल करून विमानतळ. खर्च माणशी पंधरा युरोच्या आतच, विमानतळाच्या टप्प्याचे त्यातले आठ. इटलीच्या रेल्वेची 'साला ब्लू' नावाची मदतसेवा आहे, ती आधी कळवल्यास खुर्ची गाडीत चढवायला उचलयंत्र आणते. एकटा खुर्चीवाला प्रवासी आणि एक सोबती, सामान थोडं, असं असेल तर हा मार्ग अवश्य विचारात घ्या. पण दोघं मदतीवर अवलंबून, सहा मोठ्या बॅगा आणि त्याच दिवशी विमान, यात एक गाडी चुकली की पुढची सगळी साखळी तुटते.

क्रूझ कंपनीची बस म्हणजे उंच पायऱ्यांची मोठी कोच. लिफ्टची कोच हवी असेल तर बऱ्याच आधी मागावी लागते आणि ती मिळेलच असं लेखी द्यायला तयार नव्हते. बंदराबाहेरच्या टॅक्सीचा पर्याय सामानामुळे गेला. (रोमच्या टॅक्सीचं विमानतळापर्यंतचं ठरलेलं भाडं इंटरनेटवर वाचून पुष्कळ जण तोच आकडा धरून बसतात. ते भाडं रोमच्या जुन्या तटबंदीच्या आतल्या भागापुरतं आहे. चिवितावेक्कियाशी त्याचा संबंध नाही.)

उरली आधी ठरवलेली खासगी गाडी. इटलीत ड्रायव्हरसह भाड्याच्या गाडीला 'एनसीसी' म्हणतात. सहा माणसं म्हटल्यावर सगळे आठ सीटची व्हॅन सुचवतात. आम्हाला भाव मिळाला 200 युरो. पण व्हॅनची पहिली पायरीच जमिनीपासून चाळीसेक सेंटिमीटरवर असते, आणि तिच्यावर चढून वाकून आत शिरावं लागतं. गुडघे गेलेल्या माणसाला हे जमत नाही. कोणी खालून उचलायला गेलं तर दोघांनाही इजा व्हायची भीती. साध्या मोटारीच्या सीटची उंची मात्र खुर्चीएवढीच असते. पाठ सीटकडे करून बूड टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे.

रॅम्पची व्हॅन काकांसाठी विचारली, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. माणूस खुर्चीत बसलेला असताना ती खुर्ची गाडीत बांधून न्यायची असेल तर ती त्यासाठी तपासलेली असावी लागते. त्याचं मानक आयएसओ 7176-19 आहे. हलक्या, घडी होणाऱ्या बहुतेक बॅटरी-खुर्च्या या चाचणीतून गेलेल्या नसतात. काकांच्या खुर्चीच्या पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलं आहे की वाहनात आसन म्हणून वापरू नये. ड्रायव्हर पट्टे लावून द्यायला तयार असतात, पण महामार्गावर जोराचा ब्रेक लागला तर चौकट टिकेल याची हमी कोणी देत नाही. ज्यांना खुर्चीतून उठवताच येत नाही त्यांनी रॅम्पची व्हॅन आणि चाचणी झालेली खुर्ची दोन्ही बघावं. ज्यांना आधाराने सीटवर बसवता येतं त्यांना साधी मोटार जास्त सुरक्षित.

म्हणून आम्ही दोन स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानाला जास्त जागा असलेल्या मोटारी, घेतल्या. प्रत्येकी 150 युरो, टोल धरून. व्हॅनपेक्षा 100 युरो जास्त गेले. ते योग्य जागी गेले असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक गाडीत पुढच्या सीटवर एक आजारी माणूस, मागे दोन सोबती. ठरवताना पाच गोष्टी लेखी घेतल्या: गाडीचा प्रकार, मागची जागा किती (26 किलोची घडी केलेली खुर्ची आणि तीन बॅगा), टोल आणि थांबायचा वेळ भाड्यात धरला आहे का, पैसे रोख की कार्ड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी बोटीच्या धक्क्यावरच्या टर्मिनलपर्यंत येणार की लार्गो देल्ला पाचेला भेटणार. बंदराच्या आत यायला गाडीला परवाना लागतो. परवाना नसलेला ड्रायव्हर तुम्हाला चौकात बोलावतो, म्हणजे खुर्ची आणि सामानासह शटल बस आलीच. धक्क्याचा क्रमांक ऐन वेळी बदलू शकतो, तेव्हा ड्रायव्हरला बोटीचं नाव द्या.

शेवटच्या रात्रीचं सामान हा स्वतंत्र विषय आहे. मोठ्या बॅगा रंगीत टॅग लावून रात्री अकराच्या आत केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट सकाळी टर्मिनलमध्ये भेटतात. त्यात चुकूनही जाऊ नयेत अशा वस्तू: खुर्चीचा चार्जर, सगळी औषधं, इन्शुलिन, काठी, दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट, डायपर असतील तर ते, परवानगीची पत्रं. आम्ही यांची वेगळी पाठपिशवी केली. बोटीच्या स्वागतकक्षात जाऊन मदतीची वेळही त्याच संध्याकाळी पक्की केली. सकाळी फोन लागत नाही, कारण बोटीवरच्या सगळ्या वयस्क प्रवाशांना त्याच दोन तासांत मदत हवी असते.

आमच्या तारखेला आणखी एक भानगड होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं पहाटे एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ बदलत नाही. भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातो. औषधं भारताच्या वेळेने घेणाऱ्यांनी आणि मार्चअखेर किंवा ऑक्टोबरअखेर प्रवास करणाऱ्यांनी हे आधी लिहून ठेवावं. दोन्ही ड्रायव्हरना 'नव्या वेळेनुसार सकाळी पावणेनऊ' असा निरोप आदल्या रात्री पाठवला.

सकाळी बोट सहाच्या आधीच धक्क्याला लागली होती. मदत हवी असलेल्यांना साडेसातला एका हॉलमध्ये जमायला सांगतात. तिथे प्रत्यक्ष हलायला आठ वाजून दहा मिनिटं झाली, म्हणजे 40 मिनिटांची वाट. हॉलमध्ये जायच्या आधी केबिनमधलं स्वच्छतागृह वापरून घ्या. तिथले दांडे आणि जागा ओळखीची झालेली असते, नंतर विमानतळापर्यंत तसं मिळेलच असं नाही. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी किती वाजता घ्यायची हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं.

उतरायच्या उतारावर, म्हणजे गँगवेवर, बॅटरीची खुर्ची स्वतः चालवू नका. बोटीचे दोन कर्मचारी मागून धरून उलट्या दिशेने, माणसाची पाठ खालच्या बाजूला ठेवून, उतरवतात. तेच बरोबर आहे. काकांना आधी भीती वाटली, पण तोंड खाली ठेवून उतरवलं तर कमजोर बाजूचा माणूस पुढे सरकतो. मोटर बंद करून चाकं मोकळी करायची कळ कुठे आहे ते त्या कर्मचाऱ्यांना आपणच दाखवायचं.

टर्मिनलमध्ये बॅगा रंगानुसार रांगेत मांडलेल्या असतात. बोटीच्या माणसांची मदत इथे संपते. एक जण खुर्च्यांपाशी थांबला, तिघं बॅगा शोधायला गेले, वीस मिनिटं लागली. हमालाची सोय होती, पण बाहेरपर्यंत अंतर कमी होतं म्हणून घेतली नाही.

गाड्या नऊला पाच मिनिटं कमी असताना दारात आल्या. बसवायची पद्धत आम्ही घरी रिक्षात नव्हे तर मोटारीत दोन-तीनदा करून पाहिली होती, ती अशी. पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ थोडी कलती करायची. सीटवर प्लास्टिकची मोठी पिशवी पसरायची. खुर्ची सीटला शक्य तितकी लागून, ताकदीची बाजू गाडीकडे, ब्रेक लावून. काकांची उजवी बाजू चांगली, पण इटलीत सोबतीची सीट उजवीकडे असते आणि दार उजवीकडे उघडतं. खुर्ची गाडीच्या तोंडाच्या दिशेने ठेवली तर सीट डाव्या हाताला, म्हणजे कमजोर बाजूला येते. म्हणून खुर्ची गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून, उघड्या दाराच्या आतल्या मोकळ्या जागेत तिरकी लावावी लागते. मग उजवा हात सीटच्या कडेला, एकाने कमरेच्या पट्ट्याला धरायचं, उभं राहून वळायचं, बूड टेकायचं. डोकं चौकटीला लागू नये म्हणून दुसऱ्याने हात वर धरायचा. पिशवीवर अंग सहज फिरतं. पाय एकेक करून आत घेतले की पिशवी ओढून काढायची, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस घसरतो. भारतात सोबतीची सीट डावीकडे असते, त्यामुळे घरचा सराव करताना मागच्या उजव्या दाराने करून बघा, दिशा तीच येते. दोघांना बसवून सामान भरायला 25 मिनिटं लागली. ड्रायव्हर घाई करत नाहीत, पण थांबायचा वेळ आधी ठरलेला असलेला बरा.

ए-12 महामार्गाने रविवारची सकाळ असल्याने 55 मिनिटांत पोहोचलो. रस्ता चांगला आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सव्वादहाच्या सुमाराला फ्युमिचिनोचं टर्मिनल 3. ड्रायव्हरला 'खुर्ची पूर्ण उघडून माणूस बसेपर्यंत थांबा' असं आधीच सांगितलं होतं. तिथली मदत 'एडीआर असिस्टन्स' ही विमानतळाचीच कंपनी देते. टर्मिनलबाहेर मदत मागायच्या जागा ठेवलेल्या आहेत. बटण दाबून नाव आणि विमानाचा क्रमांक सांगायचा. नियमानुसार अशा ठिकाणी उड्डाणाच्या किमान दोन तास आधी हजर राहायचं असतं. आम्ही साडेचार-पावणेपाच तास आधी होतो. माणूस यायला अठरा मिनिटं लागली. तोवर स्वतःच्या खुर्च्या असल्याने दोघंही बसूनच होते. शेजारच्या एका कुटुंबातल्या आजी बोटीची खुर्ची बंदरातच सोडून आल्या होत्या. त्या बॅगेवर टेकून उभ्या होत्या. आईची खुर्ची त्यांना दहा मिनिटं दिली.

चेक-इनला बॅटरीसाठीच वीस मिनिटं गेली. परवानगीचं पत्र, आकडा, मग फोनवर वरिष्ठांशी बोलणं. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत ठेवली होती, ते बघून त्यांचं समाधान झालं. इथे दोन गोष्टी आग्रहाने मागा. एक, खुर्ची काउंटरवर न देता विमानाच्या दारात द्यायची. दुसरी, खुर्चीच्या टॅगवर ती उतरतानाही दारातच मिळावी अशी नोंद. कंट्रोलर काढता येत असेल तर तो आणि उशी, पायाच्या पट्ट्या काढून हातात घ्या. दारात देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. काकांच्या खुर्चीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला होता: घडी कशी करायची, कुठे धरून उचलायची, कुठे धरू नये.

सुरक्षा तपासणीला वेगळी रांग मिळते. खुर्चीतल्या माणसाला यंत्रातून जावं लागत नाही. हाताने तपासतात, खुर्चीवर कापडी पट्टी फिरवून तपासतात. पासपोर्टला वेळ जास्त धरा. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपात प्रवेश-निर्गमाची नवी नोंदपद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यात चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. वयस्कांचे ठसे पुसट असतात, कोरड्या बोटांना थोडं क्रीम लावून नेलं तर यंत्राला लवकर उमटतात. गेट जर ई-31 ते ई-44 मधलं असेल तर मध्ये चालकाविना चालणारी छोटी गाडी लागते. ती खुर्चीसाठी सोयीची आहे, पण मदतनीस दोन-तीन जणांना एकत्र नेतात, म्हणून गेट जाहीर झाल्यावर लगेच निघा.

विमानात आपल्या माणसांना सगळ्यांत आधी चढवतात आणि सगळ्यांत शेवटी उतरवतात. म्हणून मधल्या थांब्यावर दोन तासांचा अवधी कमी पडतो; आम्ही साडेतीन तासांचा घेतला होता आणि त्यातली पन्नास मिनिटं उतरण्यातच गेली. काकांसाठी आतल्या अरुंद रांगेतून नेणारी छोटी खुर्ची येते. तिचे पट्टे छातीवर आणि पायांवर लावल्याशिवाय हलू देऊ नका.

मुंबईला टर्मिनल 2 वर सकाळी उतरलो. आईची साधी खुर्ची दारात मिळाली. काकांची, टॅगवर नोंद असूनही, खाली मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर गेली होती, तोवर विमानतळाच्या खुर्चीवर काम भागवलं. तपासली तेव्हा हाताच्या एका दांड्याचा बोल्ट गायब आणि चौकटीला खरचटलेलं. सामानाच्या कक्षात तिथल्या तिथे नुकसानीचा अर्ज भरला, निघतानाचे फोटो दाखवले, अर्जाचा क्रमांक असलेली प्रत घेतली आणि मगच कस्टममधून बाहेर पडलो. आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते, पण विमानतळाबाहेर पडल्यावर 'हे नंतर झालं' असं म्हणायला कंपनीला जागा मिळते. आमच्या अर्जावर तीन आठवड्यांनी दुरुस्तीचं बिल मागवणारा मेल आला. बिल दुकानाच्या शिक्क्याचं आणि खुर्चीचा अनुक्रमांक लिहिलेलं लागतं. तो अनुक्रमांक सीटखालच्या आडव्या पट्टीवर असतो, त्याचाही फोटो काढून ठेवा.